झोपेसाठी योग: उशिरा घरी पोहोचणाऱ्यांसाठी संध्याकाळपासून सकाळपर्यंतचा आराखडा

झोप लागत नाही म्हणून योगवर्गात येणारा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, "नेमकं कुठलं आसन करू?" ठाण्यात मी शिकवते तिथे हा प्रश्न विचारणारे बरेचसे घोडबंदर रोडच्या पट्ट्यातले असतात. सकाळी आठच्या आत घर सोडायचं, संध्याकाळी माजिवड्याला अडकायचं, मग मानपाडा, पातलीपाडा करत घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजलेले. जेवण, मुलांचा अभ्यास, थोडा मोबाइल, आणि बाराला अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे. माझं उत्तर ऐकून ही मंडळी जरा हिरमुसतात. झोप आणणारं असं एकही आसन नाही. दिवसभर चढलेला ताण उतरवता येतो, तो उतरला की झोप आपली आपण येते. त्यासाठी लागतात ती दोन छोटी सत्रं: एक जेवणाआधी, एक झोपण्याआधी. आणि सकाळी उठण्याची एकच ठरलेली वेळ.

अंगात नेमकं काय होतं

लोकलच्या दारातली रेटारेटी, रिक्षाची रांग, सात वाजता आलेला साहेबांचा मेसेज, शरीराच्या लेखी हे सगळे धोकेच. अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, ठोके वाढतात, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, खांदे कानांकडे चढतात. दिवा मालवला म्हणून हे सगळं लगेच उतरत नाही.

उतरवायची सोपी वाट श्वासातून जाते. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना किंचित मंदावते. सोडण्याचा वेळ लांबवला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि शरीर विसाव्याकडे झुकतं. शांत बसलेला माणूस साधारणपणे मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. तो वेग सहाच्या आसपास आणला तर हा परिणाम चांगला जाणवतो. आसनांचं काम त्याच्या आधीचं आहे. आखडलेली पाठ, मान आणि पोटऱ्या सैल झाल्याशिवाय माणसाला दहा मिनिटं स्वस्थ पडून राहणंही जमत नाही.

आणखी एक गोष्ट. झोप लागण्याच्या सुमारास शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. म्हणून रात्री दहाला घामाघूम होऊन सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना अकराला झोप लागत नाही, यात नवल नाही. भस्त्रिका आणि कपालभाती या जोरकस श्वासाच्या क्रियांचंही तेच. उत्तम क्रिया आहेत, पण सकाळच्या.

हे सगळं प्रत्यक्षात किती उपयोगी पडतं? २००५ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये एक अभ्यास छापून आला होता. वृद्धाश्रमातल्या ६९ जणांचे तीन गट केले. एका गटाला योग, दुसऱ्याला आयुर्वेदिक औषध, तिसऱ्याला काहीच नाही. सहा महिन्यांनंतर योग करणाऱ्यांना झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं कमी लागत होती आणि एकूण झोप सुमारे तासाभराने वाढली होती. अभ्यास लहान आहे, माणसं वयस्कर आहेत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नका. पण त्यातले 'सहा महिने' मात्र जरूर लक्षात घ्या. आपल्याकडे तिसऱ्या दिवशीच 'काही फरक नाही' म्हणून चटई गुंडाळली जाते.

चटई टाकण्याआधी

काही तक्रारी योगाच्या नाहीतच, त्या डॉक्टरांच्या आहेत. घरचे सांगतात की तुम्ही मोठ्याने घोरता, मध्येच श्वास थांबतो आणि दचकून परत सुरू होतो. सकाळी डोकं जड असतं. ही स्लीप अॅप्नियाची लक्षणं असू शकतात. दिवसा डुलकी लागते का, हे डॉक्टर विचारतातच. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की सगळं ठाणं डुलक्या घेतं, तेव्हा त्यावरून काही ठरवू नका. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर गाडी चालवताना डोळा लागत असेल तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. अंथरुणावर पडल्यावर पायांत वळवळ होऊन ते सारखे हलवावेसे वाटत असतील तर रक्तातलं लोह तपासून घ्या. रात्री लघवीला वारंवार उठावं लागत असेल तर साखर तपासा, आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनी प्रोस्टेटही.

आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री झोपेचा त्रास आणि तोही तीन महिन्यांहून जास्त काळ, याला डॉक्टर जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यावर पहिला उपाय म्हणून गोळ्यांऐवजी झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची एक ठरावीक उपचारपद्धती सुचवली जाते. इथे सांगितलेला योग तिच्या जोडीला चालतो, तिच्या जागी नाही. झोपेची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

सुरुवात सकाळी

रात्रीच्या झोपेची तयारी सकाळी होते, हे लोकांना पटत नाही. उठण्याची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. फार तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. गीतेचा सहावा अध्याय झोपणं आणि जागणं दोन्ही बेताचं ठेवायला सांगतो. झोपेच्या दवाखान्यातही आज पहिला सल्ला जवळपास हाच मिळतो.

उठल्यावर अर्ध्या तासात बाहेरचा उजेड डोळ्यांवर पडू द्या. तलावपाळीला किंवा उपवनला फेरी मारणारे हे नकळत करतच असतात. नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सकडच्यांना पामबीच रोडची बाजू आहे. काहीच जमत नसेल तर चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहा. सकाळच्या उजेडावर शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन वेळेवर वाढू लागतं. जोरकस योग करायचा तो आत्ताच: सूर्यनमस्कार, उभ्याने करायची आसनं, कपालभाती.

चहाबद्दल थोडं कडक बोलायला हवं. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्तच. स्टेशनबाहेर संध्याकाळी सातला घेतलेली कटिंग बाराला अंगात निम्मी शिल्लक असते. दुपारी दोन-तीननंतर चहा बंद. या सल्ल्यावर वर्गात सर्वांत जास्त घासाघीस होते.

घरी आल्यावर, जेवणाआधी: वीस मिनिटं

पोट भरलेलं असताना आसनं करायची नाहीत, दोन-अडीच तास तरी थांबायचं, हा नियम नऊला घरी येणाऱ्याने पाळायचा कसा? म्हणून आसनं जेवणाआधीच उरकून घ्या. ऑफिसातून निघताना एखादं केळं किंवा मूठभर चणे-शेंगदाणे खा, म्हणजे घरात शिरताना पोटात कावळे ओरडत नसतात. हातपाय धुवा, सैल कपडे घाला, मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. वन बीएचकेत दिवाण आणि टीव्हीच्या मधली जागा पुरते. सतरंजी, दोन उशा, एक जाड चादर आणि रिकामी भिंत एवढंच हवं. ट्यूबलाइटऐवजी पिवळा दिवा लावा. पंखा चालू राहू द्या, ठाण्याच्या दमट हवेत तो बंद करून कुणालाही शांत वाटत नाही.

पहिलं *मार्जारासन*. तळहात खांद्यांच्या खाली, गुडघे कमरेच्या खाली. गुडघे दुखत असतील तर खाली चादरीची घडी. श्वास घेत पाठ खोलगट करा, नजर समोर. श्वास सोडत पाठ गोल करा, हनुवटी छातीकडे. आठ-दहा वेळा. हालचाल श्वासाच्या चालीने व्हायला हवी, श्वासाने हालचालीमागे धावायचं नाही. लॅपटॉपवर दिवस घालवणाऱ्यांची कंबर छान हलते, पण खांद्यांच्या दोन फऱ्यांमधला भाग फळीसारखा राहतो. पाठ गोल करताना तळहातांनी जमीन ढकला, तेव्हा तो भाग हलल्याचं कळेल.

त्यातूनच मागे टाचांवर बसा आणि *शशांकासनात* पुढे वाका, कपाळ जमिनीवर. पोहोचत नसेल तर कपाळाखाली उशी, टाचांवर बूड टेकत नसेल तर मध्ये चादरीची घडी. पोट आड येत असेल तर गुडघे लांब घ्या. दोन मिनिटं थांबा आणि श्वास पाठीत भरतोय का तेवढं बघा. रक्तदाब आटोक्यात नसेल, काचबिंदू असेल किंवा चक्कर येत असेल तर डोकं खाली नेऊ नका. खुर्चीवर बसून समोरच्या टेबलावर हातांची घडी आणि त्यावर कपाळ, एवढं पुरे.

पाठीवर झोपून *एकपाद पवनमुक्तासन*: एक गुडघा पोटाशी, दोन्ही हातांची मिठी, पाच सावकाश श्वास, मग दुसरा पाय. डोकं उचलू नका. पुढे *जठर परिवर्तनासन*: हात खांद्यांच्या रेषेत पसरा, दोन्ही गुडघे वाकवून एका बाजूला सोडा, मान उलट्या बाजूला. गुडघे जमिनीला टेकलेच पाहिजेत असं नाही, खाली उशी द्या. मणक्यातली गादी सरकलेली असेल किंवा पायात कळ उतरत असेल तर हा पीळ वगळा.

आता माझं सर्वांत आवडतं, भिंतीच्या आधाराने *विपरीत करणी*. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांचे मोजे काढल्यावर घोट्याच्या वर गोल वळ दिसतो, पोटरी दाबली तर खळगा राहतो. अशा पायांना पंधरवड्यात फरक जाणवतो. भिंतीला एक कूस लावून बसा, कंबर भिंतीला चिकटलेली. हाताचा आधार घेत पाठीवर वळा आणि वळतानाच पाय भिंतीवर चढवा. गुडघ्यांमागे ओढ बसत असेल तर कंबर भिंतीपासून वीतभर दूर घ्या आणि गुडघे सैल सोडा. पाय काटकोनात असण्यासाठी कुणी गुण देत नाही. डोक्याखाली पातळ उशी, हात पोटावर. पाच ते आठ मिनिटं. पायांना मुंग्या आल्या तर आधीच उतरवा. उतरताना गुडघे पोटाशी घ्या, उजव्या कुशीवर वळा, दोन-चार श्वास तसेच पडून राहा आणि हाताच्या रेट्याने उठून बसा. झटक्यात उठलात तर डोकं गरगरेल. काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, हृदयाचा आजार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, जोराची ॲसिडिटी असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे टाळावं. त्यांनी पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पडावं, तेही गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच. पाळीच्या दिवसांत परंपरेने पाय वर करत नाहीत, तेव्हाही खुर्ची बरी.

मग जेवा, हलकं. जेवणानंतर आसनं नकोत या नियमाला अपवाद वज्रासनाचा: पाच मिनिटं टाचांवर ताठ बसा, गुडघे साथ देत असतील तर. सोसायटीच्या आवारात शतपावली झाली तर उत्तम, मात्र मोबाइलवर बोलत नको. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केली तर कातडीतून उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान उतरायला मदत होते.

झोपण्याआधी: श्वास आणि शवासन

हे अंथरुणाशेजारी बसून किंवा थेट अंथरुणावरच करायचं. आधी पाच मिनिटं *अनुलोम-विलोम*, कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता. एक नाकपुडी बोटाने मिटून दुसरीने मनातल्या मनात चार आकडे मोजत श्वास घ्या, मग ती मिटून पहिलीने सहा आकड्यांत सोडा. आकडा साधारण सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. दम लागतोय असं वाटलं तर तीन आणि चार-पाच करा, ताणू नका. सर्दी असेल तर हात खाली ठेवून दोन्ही नाकपुड्यांनी याच मोजणीने श्वास घ्या. श्वास जड वाटू लागला की समजायचं, मोजणी आपल्याला झेपण्यापलीकडे गेली.

मग *भ्रामरी*. हिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण घरचे हसतात. कानाच्या भोकासमोरचं मऊ पान तर्जनीने हलकेच दाबा. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना न लागलेले. नाकाने श्वास घ्या आणि सोडताना 'म'काराचा गुंजारव करा, खालच्या पट्टीत. आवाज शेजारच्या खोलीत जायची गरज नाही. गालांच्या हाडांत आणि वरच्या दातांत थरथर जाणवली की सूर बरोबर लागला. श्वास पार संपेपर्यंत आवाज ओढू नका, थोडा शिल्लक असतानाच थांबा. प्रत्येक गुंजारवानंतर क्षणभर काहीच करू नका. असं सात-आठ वेळा. कान दुखत किंवा वाहत असेल तर बोटं न घालता करा. गुणगुणताना नाकातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू अनेक पटींनी जास्त बाहेर पडतो, असं २००२ साली स्वीडनच्या संशोधकांनी मोजलं होतं. त्याचा संबंध लगेच झोपेशी जोडायची घाई मी करणार नाही. उच्छ्वास आपोआप लांबतो, हा फायदा मला पुरेसा वाटतो.

शेवटी *शवासन*. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात या आसनाचं वर्णन जेमतेम एका श्लोकात आहे: प्रेतासारखं उताणं पडावं, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विसावा मिळतो. करायला मात्र हेच सर्वांत अवघड. मन मोकळं सोडलं की ते उद्याच्या मीटिंगला जाऊन बसतं, म्हणून त्याला काम द्यावं लागतं. बिहार स्कूल ऑफ योगाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी योगनिद्रेची आजची पद्धत रूढ केली. तिच्यात हे काम म्हणजे शरीराची फेरी. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी, तळहात, मनगट, कोपर, खांदा, काख, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, टाच, तळवा, पायाची बोटं. मग डावी बाजू, पाठ, पोट, छाती, चेहरा. नाव घ्यायचं, त्या जागी क्षणभर लक्ष न्यायचं, पुढे सरकायचं. तो भाग सैल झाला का, हे तपासत बसू नका. फेरी संपली तर श्वास सत्तावीसपासून उलटे मोजा. मोजणी चुकली तर पुन्हा सत्तावीसपासून.

योगनिद्रेच्या मूळ पद्धतीत जागं राहायला सांगतात, झोपलात तर साधना राहिली म्हणतात. आपण अंथरुणात करतोय ते झोपेसाठी, तेव्हा ती सूचना सोडून द्या आणि मध्येच डोळा लागला तर लागू द्या. ध्वनिफीत लावायची तर सुरुवातीची घोषणा, जाहिरात आणि शेवटची 'आता हळूहळू उठा' ही सूचना नसलेली शोधा. त्यापेक्षा घरातल्या कुणाच्या आवाजात मराठीत रेकॉर्ड करून घ्या. शरीराच्या भागांची नावं लहानपणापासून ऐकलेल्या भाषेत ऐकली की डोक्याला कमी काम पडतं, हे मी वर्गात वारंवार पाहिलं आहे. समोरासमोर शिकायचं असेल तर ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर ही योगातली जुनी, ओळखीची नावं आहेत.

रात्री तीनला जाग आली तर

घड्याळ बघू नका. पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं हेच. उशाशी मोबाइल असेल तर तो आधी हलवा, गजरासाठी साधं घड्याळ आणा. पडल्या पडल्या चार-सहाचा श्वास सुरू करा. अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही, जीव वैतागू लागला, तर उठा आणि हॉलमध्ये मंद उजेडात खुर्चीवर बसा. मोकळ्या कानांनी, अगदी हळू भ्रामरी. पेंग आली की परत या. अंथरुणात तळमळत राहिलं की अंथरुण आणि तळमळ यांची जोडी मेंदू पक्की करून ठेवतो. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळेलाच उठा.

रात्रपाळीवाले

ऐरोली, महापे भागात रात्रभर काम करणाऱ्यांना किंवा वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, पहाटे माल उतरवून घेणाऱ्यांना वरचं वेळापत्रक कसं लागू होणार? त्यांनी क्रम तोच ठेवायचा, घड्याळ उलटं करायचं. घरी परतताना गॉगल लावा, म्हणजे सकाळचा उजेड मेंदूला जागं करणार नाही. स्वतः गाडी चालवत असाल तर हा गॉगलचा उपाय नको, डोळ्यांवर झापड आणखी येते. घरी आल्यावर विपरीत करणी, हलकं खाणं, श्वास, शवासन. खिडकीला जाड पडदा, दाराची बेल बंद, दूधवाला-कुरिअरला तशी सूचना. झोपेतून उठल्यावर, म्हणजे दुपारी, जोरकस आसनं. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर त्रास होणारच, त्याला योगाकडे पूर्ण उत्तर नाही.

फरक पडतोय हे कळणार कसं

एक साधी वही घ्या. सकाळी दोनच गोष्टी लिहा: झोप लागायला अंदाजे किती वेळ लागला, आणि उठल्यावर ताजं वाटलं का. मनगटावरच्या घड्याळाचे झोपेचे गुण सकाळी उठल्या उठल्या बघणारे काही जण माझ्याकडे आहेत. अंग ताजं असतं, आणि आकडा कमी दिसला की चेहरा उतरतो. सुरुवातीचे काही महिने ते घड्याळ रात्री काढून ठेवलेलं बरं. चार आठवड्यांनी वही चाळा. एकेका रात्रीकडे न बघता आठवड्यांची तुलना करा. महिना-दीड महिना नेमाने करूनही वही तशीच असेल तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा, तिचा त्यांना उपयोग होईल.

गणपतीत आणि नवरात्रात हे वेळापत्रक कोलमडतं. लाउडस्पीकर एरवी रात्री दहाला बंद करायचा नियम असला तरी काही दिवस त्याला सवलत मिळते, आणि ठाण्यात टेंभीनाक्याच्या मोठ्या नवरात्रोत्सवाच्या आसपास राहणाऱ्यांना रात्री काय असतं ते सांगायला नको. अशा दिवसांत आसनं राहिली तर राहू द्या. कानात कापसाचे बोळे घाला, सात-आठ भ्रामरी करा आणि उठण्याची वेळ तेवढी सोडू नका.